मॉडेल इंजिन आणि मोटारींची झिजलेली बेअरिंग बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी ग्लो इंजिने (तापलेल्या ग्लो प्लगने मिथेनॉलचे इंधन पेटवणारी), पेट्रोलवर चालणारी मॉडेल इंजिने, ब्रशलेस आणि ब्रशवाल्या मोटारी, या सगळ्यांतला सर्वांत स्वस्त पण सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बेअरिंग, दोन रिंगांमध्ये छर्रे धरून शाफ्ट फिरता ठेवणारे. ते बदलणे अवघड नाही. नुकसान होते ते बहुतेक वेळा हातोडीने, आणि म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत एकच आग्रह दिसेल : उष्णतेला काम करू द्या, ताकदीला नको.

बेअरिंग गेले आहे हे नेमके कसे ओळखायचे?

ग्लो इंजिन असेल तर आधी ग्लो प्लग काढा. प्लग लावलेला असताना कॉम्प्रेशनचा जोर इतका असतो की बेअरिंगचा खरखरीतपणा बोटांना कळतच नाही. प्लग काढून प्रॉप (पंखा) किंवा फ्लायव्हील अगदी सावकाश फिरवा. चांगले बेअरिंग गुळगुळीत फिरते. गंजलेले किंवा खड्डे पडलेले बेअरिंग बारीक रेती भरल्यासारखे लागते, आणि एका विशिष्ट जागी पुनःपुन्हा अडखळते. मग प्रॉप ड्रायव्हर पकडून वर-खाली हलवा. जाणवण्याइतका प्ले (सैलपणा) असेल तर पुढचे बेअरिंग झिजले आहे. पुढे-मागे किंचित हालचाल मात्र बहुतेक इंजिनांत मुळातच असते, ती पाहून घाबरू नका.

चालू इंजिनही बरेच सांगते. एरवी नीट चालणारे आयडल अचानक अस्थिर होणे, पुढच्या बाजूने तेल फेकले जाणे, सायलेन्सरमधून येणाऱ्या तेलाला तांबूस छटा असणे. तांबूस रंग म्हणजे गंज. तेल काळे-करडे येत असेल तर ॲल्युमिनियम घासले जात आहे. बेअरिंगची बाहेरची रिंग क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य कवचात) फिरते आहे की कनेक्टिंग रॉड झिजतो आहे, हे उघडून पाहावेच लागेल.

इलेक्ट्रिक मोटारीत पहिली खूण आवाजाची. बारीक शीळ किंवा घरघर येते, मोटार नेहमीपेक्षा गरम होते आणि तेवढ्याच कामाला जास्त करंट खाते. बॅटरी सोडवा, प्रॉप किंवा पिनियन (शाफ्टवरचे छोटे दातेरी चाक) काढा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. चुंबकांमुळे टप्प्याटप्प्याने ओढ लागते ती नैसर्गिक आहे. त्या दोन टप्प्यांच्या मधे खरखर लागत असेल तर ती बेअरिंगची.

नुसते घाणीने भरले असेल तर?

शक्य आहे, विशेषतः एरंडेल तेलावर चाललेल्या इंजिनात. ते तेल जुने झाले की चिकट पिवळा थर होतो आणि छर्रे जखडतात. असे बेअरिंग बाहेर काढून व्हाइट पेट्रोलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा धुवा, सुकवा, हलक्या तेलाचा थेंब टाका आणि मग पारखा. धुतल्यावर गुळगुळीत झाले तर ते वाचले. धुतल्यावरही अडखळते म्हणजे धावपट्टीवर, छर्रे ज्या खाचेत फिरतात तिथे, खड्डे पडले आहेत. त्यावर कुठलाही उपाय नाही, नवे घाला.

धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवू नका. कोरडे छर्रे त्या वेगाने धातूवर घासले जातात, आणि सुटून उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

थोडे खराब असताना तसेच चालवले तर काय होते?

शेवट बहुतेक वेळा केज तुटण्यात होतो. छर्र्यांना अंतर राखून धरणारा तो पत्र्याचा पिंजरा तुटला की त्याचे तुकडे क्रँककेसमध्ये मोकळे सुटतात, इंधनाच्या मिश्रणाबरोबर पोर्टमधून वर जातात आणि पिस्टनवर आणि तो ज्या नळीत सरकतो त्या लायनरवर चरे पाडतात. एका साध्या बेअरिंगच्या जागी मग पिस्टन, लायनर, कधी कनेक्टिंग रॉडही बदलावा लागतो. आउटरनर मोटारीत, म्हणजे जिचा बाहेरचा भाग फिरतो तिच्यात, प्ले वाढला की फिरणारी बेल (चुंबक लावलेला बाहेरचा डबा) स्टेटरला (तारा गुंडाळलेल्या स्थिर भागाला) घासते, चुंबक सुटतात. त्यामुळे खरखर लागली की त्याच वेळी काम हाती घ्या.

इंजिनाचे बेअरिंग इतक्या लवकर का जाते?

चालून झिजण्यापेक्षा पडून राहून गंजल्याने गेलेली बेअरिंग कितीतरी जास्त असतात. हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण मूळ कारण तसेच राहिले तर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाईल.

ग्लो इंधनात मुख्य घटक मिथेनॉल. ते हवेतला ओलावा शोषून घेते. शिवाय जळताना पाणी तयार होते आणि थोड्या प्रमाणात आम्लधर्मी अवशेष मागे राहतात. नायट्रोमिथेनचे प्रमाण जितके जास्त तितका हा त्रास जास्त. इंजिन बंद झाल्यावर हे सगळे क्रँककेसच्या तळाशी, म्हणजे नेमके मागच्या मोठ्या बेअरिंगपाशी साचते. साधी बेअरिंग क्रोमियमयुक्त पोलादाची असतात, पण त्यातले क्रोमियम गंज रोखण्याइतके नसते. महिनाभर इंजिन तसेच पडले की छर्रा जिथे टेकून थांबला होता तिथे गंजाचा ठिपका पडतो, आणि पुढच्या वेळी इंजिन चालू केले की त्या ठिपक्याचा खड्डा होतो.

फोर-स्ट्रोक ग्लो इंजिनांत हे आणखी तीव्र असते. पिस्टनच्या कडेने खाली झिरपणारे जळके वायू क्रँककेसमध्ये जातात, आणि टू-स्ट्रोकसारखे ताजे तेलमिश्रित इंधन तिथून सतत वाहत नसते.

बाकीची कारणे यांत्रिक. तोल नसलेला प्रॉप, जमिनीवर आदळून वाकलेला शाफ्ट, मिश्रण फार लीन (इंधन कमी, हवा जास्त) ठेवल्याने वाढलेले तापमान, एअर फिल्टरमधून गेलेली धूळ. इलेक्ट्रिक मोटारीत पिनियन फार घट्ट जुळवलेला असणे किंवा बेल्ट जास्त ताणलेला असणे हे मोठे कारण आहे.

कोणते बेअरिंग लागेल हे कसे शोधायचे?

रिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचता आला तर काम सोपे. पुसला गेला असेल तर तीन मापे घ्या : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी. व्हर्नियर पुरेसा आहे, पण मापे जुन्या बेअरिंगवरूनच घ्या. क्रँककेसमधल्या जागेचे माप घ्याल तर फसाल, कारण बेअरिंग तिथे घट्ट बसावे म्हणून ती जागा किंचित लहान केलेली असते.

नंबर वाचायची पद्धत एकदा कळली की पुढे सोपे होते. चार आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे आतल्या व्यासाचे : ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याची पाचपट. त्यामुळे ६००१ चे माप १२×२८×८, ६००२ चे १५×३२×९, ६००३ चे १७×३५×१०. पहिले दोन आकडे बांध्याचे : ६८०२ चा आतला व्यास १५ च, पण बाहेरचा फक्त २४ आणि रुंदी ५. तीन आकडी लहान बेअरिंगमध्ये शेवटचा आकडा हाच आतला व्यास : ६०८ म्हणजे ८×२२×७, ६०७ म्हणजे ७×१९×६, ६९५ म्हणजे ५×१३×४.

काही मापे या सोयीच्या मालिकेत बसत नाहीत. ०.२१ घनइंचाच्या कार इंजिनांत पुढे बहुधा ७×१९×६ असते, पण मागे १४×२५.४×६ असे खास माप आढळते. ते सर्वसाधारण बेअरिंगच्या यादीत शोधून मिळणार नाही, इंजिनासाठी म्हणूनच मागवावे लागते.

इंच आणि मिलिमीटरचा घोळ होतो का?

होतो, आणि नेहमी होतो. ५४० या प्रचलित आकाराच्या मोटारींचा शाफ्ट अनेकदा ३.१७५ मिमी, म्हणजे एक अष्टमांश इंच असतो. घाईत माप घेणारा ते ३ लिहितो. ब्रशलेस ५४० मोटारींत ३.१७५×९.५२५×३.९६७ हे माप फार दिसते. व्हर्नियरवर ९.५, ६.३५, १२.७ असे आकडे आले की ते इंचाचे माप आहे असे समजा.

झेडझेड, २आरएस आणि ओपन यांतले काय घ्यावे?

झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ओपन म्हणजे काहीच नाही.

ग्लो टू-स्ट्रोकमध्ये मागचे बेअरिंग ओपनच हवे. त्याला तेल मिळते ते इंधनातून, आणि झाकण लावले तर नेमके तेच अडते. पुढच्या बेअरिंगला बाहेरच्या, म्हणजे प्रॉपच्या बाजूला झाकण किंवा सील असावे आणि आतली बाजू उघडी असावी. एका बाजूचे झाकण असलेले मिळाले नाही तर दोन्ही बाजूंचे घेऊन आतल्या बाजूचे काढून टाका : रबरी सील बारीक पात्याने कडेवरून उचलता येते, पत्र्याच्या झाकणाला तारेची बारीक रिंग असेल तर ती सुईने निघते. नंतर आतले कारखान्याचे ग्रीस धुऊन काढा.

इलेक्ट्रिक मोटारीत झेडझेड. रबरी सील धूळ आणि पाणी जास्त चांगले अडवते, पण त्याच्या घर्षणाने छोट्या वेगवान मोटारीचा थोडा करंट खर्च होतो. चिखलात किंवा पाण्याजवळ चालणाऱ्या मॉडेलला तो खर्च परवडतो.

सी-३ लिहिलेलेच घ्यावे का?

इंजिनासाठी शक्यतो हो. सी-३ म्हणजे छर्रे आणि रिंग यांच्यातली मोकळीक साध्या बेअरिंगपेक्षा थोडी जास्त. बेअरिंग घट्ट जागेत बसले की बाहेरची रिंग किंचित दबते, शाफ्ट गरम होऊन आतली रिंग फुगते, आणि मुळातली मोकळीक संपत येते. साधे बेअरिंग अशा वेळी आवळले जाऊ शकते. सी-३ हातात घेतल्यावर किंचित सैल वाटते. तो दोष नाही.

आणि एबेकचा आकडा जितका मोठा तितके चांगले?

तसे नाही. एबेक १ ते ९ ही श्रेणी मापांची अचूकता आणि फिरतानाची थरथर यांबद्दल बोलते. छर्र्यांचा पृष्ठभाग, केजचा प्रकार, मोकळीक, वंगण यांबद्दल ती काहीच सांगत नाही. ०.२१ चे कार इंजिन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या वर जाते, म्हणजे सेकंदाला ५००. तिथे केज कसला आहे हा प्रश्न एबेकपेक्षा महत्त्वाचा. दोन पत्रे रिव्हेटने जोडलेला साधा केज अशा वेगाला टिकेलच असे नाही. त्यासाठी फिनॉलिक किंवा चांगल्या पॉलिमरचा अखंड केज घ्या.

सिरॅमिक बेअरिंगवर पैसे घालावेत का?

बाजारात सिरॅमिक म्हणून येतात ती बहुतेक हायब्रिड असतात : छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे, रिंगा पोलादाच्या. हे छर्रे पोलादापेक्षा निम्म्याहून हलके असल्याने अतिवेगात बाहेरच्या रिंगवरचा दाब कमी होतो, आणि ते गंजतही नाहीत. पण रिंगा गंजतात. स्टेनलेस रिंगा नसतील तर पडून राहिलेल्या इंजिनात हायब्रिडही खराब होते. स्पर्धेत चालणाऱ्या कार इंजिनाला किंवा वेगवान इनरनरला (आतला भाग फिरणाऱ्या मोटारीला) ती शोभतात. हौसेने उडवायच्या ०.४६ घनइंचाच्या इंजिनाला मी साध्या स्टेनलेस बेअरिंगची शिफारस करेन. स्टेनलेसची भार पेलण्याची क्षमता थोडी कमी असते, पण इथे शत्रू भार नसून गंज आहे.

इंजिन कोणत्या क्रमाने उघडायचे?

प्रॉप, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, बॅकप्लेट, हेड, लायनर, मग कनेक्टिंग रॉड क्रँकपिनवरून मागे सरकवून पिस्टनसह वर, आणि शेवटी क्रँकशाफ्ट. उघडण्याआधी फोटो काढा. पिस्टनची कोणती बाजू एक्झॉस्टकडे होती, रॉडवरचे तेलाचे छिद्र कुठल्या दिशेला होते, लायनरची खाच कुठे होती, बॅकप्लेटखाली किती गॅस्केट होती, हे सगळे नोंदवून ठेवा. पिस्टन आणि लायनर एकमेकांवर चालून बसलेले असतात. पिस्टन उलटा बसला तर ती जोडी बिघडते.

लायनर अडकला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने एक्झॉस्ट पोर्टमधून उचकटू नका. केस, म्हणजे क्रँककेस, गरम करा; लायनर आपोआप सैल होईल.

क्रँकशाफ्ट मागे काढताना पुढे प्रॉपचा नट दोन आटे चढवून ठेवा आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोका. नट नसेल तर आटे चेपतात.

गरम किती करायचे, आणि कशावर?

१२० ते १५० अंश सेल्सिअस पुरते. त्याआधी ओ-रिंगा, प्लास्टिकचे भाग, कार्ब्युरेटर सगळे काढा आणि केस धुऊन पूर्ण सुकवा. मिथेनॉलची वाफ पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. म्हणून उघड्या ज्योतीवर कधीच नाही. छोटा वेगळा ओव्हन किंवा हीट गन वापरा. अन्न शिजवायचा ओव्हन नको, कारण तेलाचे अवशेष विषारी धूर सोडतात. खिडक्या उघड्या, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जाते, त्यामुळे धुताना रबरी हातमोजे हवेतच.

हीट गन वापरत असाल तर एकाच जागी रोखून धरू नका. केस सगळीकडून सारखा तापायला हवा.

उष्णतेने नेमके काय घडते?

ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. २८ मिमी व्यासाची जागा १२० अंशांनी तापवली तर ती सुमारे ०.०७७ मिमी मोठी होते. बेअरिंग त्या जागेत असते एक-दोन शतांश मिलिमीटरच्या पकडीने. म्हणजे थंड बेअरिंग गरम केसमध्ये अक्षरशः पडते.

काढताना मात्र बेअरिंगही केससोबत तापते आणि फुगते, त्यामुळे मोकळीक निम्मीच, साधारण ०.०३७ मिमी मिळते. बसवण्यापेक्षा काढणे का जड जाते याचे हे कारण. म्हणून ओव्हनमधून काढल्यावर दवडायला वेळ नसतो. साधने आधीच हाताशी मांडून ठेवा.

मागचे बेअरिंग कसे काढायचे?

तापलेला केस हातमोज्याने धरा आणि मागची उघडी बाजू लाकडी ठोकळ्यावर सपाट आपटा. जोर लागत नाही, झटका लागतो. बेअरिंग ठोकळ्यावर पडते. दोन-तीन झटक्यांत आले नाही तर पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा आणि तापमान दहा-वीस अंश वाढवा. जोर वाढवू नका.

क्रँकशाफ्टवरच चिकटून बाहेर आले असेल तर दोन पात्यांचा छोटा पुलर लागतो. पात्यांनी आतली रिंग पकडली गेली पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हरने क्रँकशाफ्टवरच्या तोलाच्या वजनावर टेकू घेऊन उचकटले तर क्रँकपिन वाकडी होऊ शकते, आणि ती दुरुस्त होत नाही.

पुढचे?

केस पुन्हा तापवा आणि मागच्या बाजूने आत एक दांडा घाला. दांडा पितळेचा, लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, शाफ्टच्या भोकातून मोकळा जाणारा. बेअरिंगच्या आतल्या रिंगेच्या कडेवर टेकवून आळीपाळीने समोरासमोर हलके ठोका. एकाच बाजूला ठोकले तर बेअरिंग तिरपे होऊन अडकते आणि केसच्या मऊ धातूवर ओरखडा पाडते. आतल्या रिंगेवर ठोकल्याने जुने बेअरिंग निकामी होते, पण ते तसेही टाकायचेच आहे. चांगले बेअरिंग या पद्धतीने काढून परत वापरायचा मोह ठेवू नका.

बेअरिंग फुटून बाहेरची रिंग आतच राहिली तर?

हे सर्वांत नकोसे. केस तापवून आधी आपटून पाहा. रिंग एकटी असल्याने हलकी असते, त्यामुळे झटक्याचा उपयोग कमी होतो. आत फुगून पकडणारा पुलर असेल तर सोपे जाते. नसेल तर केस गरम असताना त्या रिंगेच्या आत बर्फात थंड केलेला, अगदी जुळेल असा पोलादी दांडा क्षणभर धरा. रिंग आकसते आणि त्याच क्षणी आपटले तर निघते. छिन्नीने रिंग फोडायचा प्रयत्न करू नका. एक घाव चुकला की केसच गेला.

नवे बसवायची सर्वांत सुरक्षित पद्धत कोणती?

नवे मागचे बेअरिंग आधी क्रँकशाफ्टवर चढवा. दाब आतल्या रिंगेवर द्या, त्या मापाच्या नळीने. मग केस तापवा आणि क्रँकशाफ्टसकट बेअरिंग सरळ आत सोडा. शाफ्ट पुढच्या भोकात शिरला की बेअरिंग तिरपे जाऊच शकत नाही. बसल्याचा टणक आवाज येतो. केस थंड होईपर्यंत ते तळाशी टेकून राहील असे हलके दाबून धरा.

पुढचे बेअरिंग त्याच गरम केसमध्ये बाहेरून बसवा, दाब बाहेरच्या रिंगेवर. नियम एकच : जी रिंग घट्ट बसते आहे तिलाच ढकला. दाब छर्र्यांमधून गेला तर धावपट्टीवर सूक्ष्म खळगे उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखर करते. प्रॉपचा नट आवळून पुढचे बेअरिंग ओढून बसवायची पद्धत बरेच जण सांगतात. थंड केसमध्ये ती नेमके हेच नुकसान करते.

बेअरिंग आधी फ्रीझरमध्ये ठेवल्याने आणखी थोडी मोकळीक मिळते. पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि बाहेर काढल्यावर लगेच तेल लावा, नाहीतर त्यावर दव धरते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. बेअरिंग स्वतः मात्र ओव्हनमध्ये ठेवू नका. नायलॉनचा केज असेल तर १२० अंशांच्या पुढे तो खराब होतो.

बसवल्यावर शाफ्ट जड फिरतो. काय चुकले?

बहुधा एक बेअरिंग तळाशी टेकलेले नाही, किंवा दोघांना एकमेकांकडे ओढणारा ताण राहिला आहे. केस पुन्हा १०० अंशांपर्यंत तापवा आणि शाफ्टच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने एक हलकी टिचकी द्या, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ताण सुटला की शाफ्ट मोकळा होतो. तरीही जड असेल तर क्रँकवरचे तोलाचे वजन बॅकप्लेटला घासते आहे का ते पाहा, म्हणजे मागचे बेअरिंग पुरेसे आत गेलेले नाही. तेही ठीक असेल तर शाफ्ट वाकलेला असण्याची शक्यता आहे. तो सपाट काचेवर लोळवून पाहा. वाकलेल्या शाफ्टवर नवे बेअरिंग घालणे वाया आहे.

बेअरिंगची जागाच सैल झाली असेल तर?

बाहेरची रिंग केसमध्ये फिरत राहिली की जागा घासून मोठी होते. थोडी सैल असेल तर मध्यम ताकदीचे, इंजिनाचे तापमान सोसणारे रिटेनिंग कंपाउंड लावता येते. दोन्ही पृष्ठभाग तेलमुक्त हवेत, आणि कंपाउंड अगदी पातळ, फक्त केसच्या बाजूला. एक थेंब छर्र्यांत गेला तरी बेअरिंग जाम होते. पंचने जागेभोवती खुणा ठोकून ती आवळायची जुनी युक्ती टाळा. बेअरिंग केंद्रापासून सरकते आणि शाफ्ट दोन बेअरिंगमध्ये वाकून फिरतो.

माझ्या इंजिनात बेअरिंग दिसतच नाही.

मग ते प्लेन बेअरिंगचे इंजिन आहे. क्रँकशाफ्ट थेट केसमध्ये किंवा कांस्याच्या बुशमध्ये फिरतो. अनेक लहान आणि कमी किमतीची इंजिने अशी असतात. झिजलेली बुश बदलायची तर नवी दाबून बसवून शाफ्टच्या मापाला रीमरने अचूक करावी लागते. लेथ हाताशी नसेल तर हे घरी जमणारे काम नाही.

पेट्रोल इंजिनाचे बेअरिंग घरी बदलावे का?

क्रँकशाफ्ट अखंड असेल तर हो, पद्धत वरचीच, फक्त ऑइल सीलही सोबत बदला. क्रँक तुकड्यांचा, दाबून जोडलेला असेल तर नको. तो सुटा करून परत शतांश मिलिमीटरात सरळ जोडायला प्रेस आणि डायल गेज लागतो.

फोर-स्ट्रोकमध्ये वेगळे काय?

कॅमशाफ्टला स्वतःची छोटी बेअरिंग असतात, तीही त्याच वेळी बदला. कॅम काढण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवून फोटो काढा. एका दाताचा फरक पडला तरी इंजिन नीट चालणार नाही.

आउटरनर मोटारीचे बेअरिंग कसे बदलतात?

शाफ्टच्या टोकाला सी-क्लिप किंवा ग्रब स्क्रूची कॉलर असते. ती काढली की बेल ओढून निघते. चुंबकांची ओढ जबर असते, बोटे मधे येऊ देऊ नका. शाफ्टवर बारीक वॉशर असतील तर त्यांची संख्या आणि जागा नोंदवा. बेल आणि स्टेटर यांतले अंतर त्यांच्यावर ठरते.

बेअरिंग स्टेटरच्या मधल्या नळीत दोन टोकांना असतात. विरुद्ध बाजूने दांडा घालून, आतल्या रिंगेच्या कडेवर आळीपाळीने ठोकून ती निघतात. कंपाउंडने चिकटवलेली असतील तर फक्त नळीच्या टोकाला थोडी ऊब द्या. इथे ओव्हन चालणार नाही : वायंडिंगचे वार्निश आणि गोंद दोन्ही धोक्यात येतात. बेल तर बाजूलाच ठेवा. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची शक्ती गमावू लागतात.

बेल मोकळी ठेवली की वर्कशॉपमधला सगळा लोखंडी कीस तिला चिकटतो. काढल्याबरोबर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि बसवण्याआधी चिकटपट्टीने पुसून घ्या.

इनरनर आणि ब्रशवाली मोटार?

इनरनरमध्ये बेअरिंग दोन्ही टोकांच्या झाकणांत असतात, काम सोपे. सेन्सर असलेल्या मोटारीत मागच्या झाकणाला सेन्सरची पट्टी जोडलेली असते. झाकण फिरवलेल्या स्थितीत परत लावले तर टायमिंग बदलते, म्हणून आधी खूण करा. साध्या ५४० ब्रश मोटारीत बऱ्याचदा बेअरिंगऐवजी तेल मुरवलेल्या कांस्याच्या बुश असतात, आणि डबा कडा वळवून बंद केलेला असतो. ती उघडण्यात अर्थ नाही. दर काही वेळा चालवल्यावर बुशला एक थेंब तेल द्या, तेवढ्याने ती बरीच टिकते.

वंगण कोणते?

ग्लो इंजिनात बसवताना दोन थेंब आफ्टर-रन ऑइल (इंजिन चालवून झाल्यावर घालायचे गंजरोधक तेल), बाकी काम इंधनातले तेल करते. ग्रीस भरू नका, इंधन ते धुऊन नेते. इलेक्ट्रिक मोटारीत कमी वेगाला हलके ग्रीस, मोकळ्या जागेच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकेच. अतिवेगाला पातळ तेल, पण ते वारंवार द्यावे लागते. मोटारीचा बिनभार वेग केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला किती फेऱ्या) गुणिले व्होल्टेज : १००० केव्हीची मोटार पूर्ण भरलेल्या ३एस (तीन सेलच्या) पॅकवर, म्हणजे १२.६ व्होल्टवर, मिनिटाला १२,६०० फेऱ्या. या वेगाला ग्रीस पुरते.

बेअरिंग बदलल्यावर इंजिन पुन्हा रन-इन करायचे का?

पिस्टन आणि लायनर तेच असतील आणि त्याच दिशेने बसवले असतील तर पूर्ण रन-इन लागत नाही. पहिली टाकी रिच (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर चालवा, थंड होऊ द्या, बॅकप्लेट आणि हेडचे स्क्रू पुन्हा तपासा. जुने बेअरिंग हवा खेचत असेल तर नीडलची (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) जुनी सेटिंग आता रिच वाटेल. नव्याने ट्यून करा.

नवी बेअरिंग टिकवायची तर?

दिवसाचा शेवटचा रन संपला की इंधनाची नळी काढून इंजिन कोरडे पडेपर्यंत चालवा. ग्लो प्लग तापवून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करा, म्हणजे उरलेले थेंबही जळतील. मग कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब टाका, काही वेळा फिरवा, आणि प्रॉप खाली येईल आणि मग वर येईल असे इंजिन एकदा दोन्ही बाजूंना कलंडवा, म्हणजे तेल पुढच्या बेअरिंगपर्यंतही पोचेल. हे त्याच दिवशी, मैदान सोडण्याआधी करा. दुसऱ्या दिवसापर्यंत गंजाने काम सुरू केलेले असते.

एकच खराब असेल तर एकच बदलावे का?

दोन्ही बदला. सगळे इंजिन उघडले आहे, आणि दुसरेही तेवढेच चाललेले, त्याच ओलाव्यात राहिलेले आहे.

जुनी बेअरिंग फेकून द्यायची?

एक जोडी ठेवा. बाहेरची रिंग कडेने थोडी घासून लहान केली की पुढच्या वेळी नवे बेअरिंग दाबून बसवायला अगदी मापाचा ठोकळा मिळतो. डबीवर इंजिनाचे नाव आणि बेअरिंगचा नंबर लिहून ठेवा.